वाचकांचे प्रश्न : मालवणचा धक्का आणि भरती-ओहोटीचे गणित

प्रश्न : डिसेंबरातील पौर्णिमेला आम्ही मालवणला होतो. सकाळी अकराच्या सुमारास मुलांना घेऊन सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो, तेव्हा धक्क्यावरून बोटीत सहज पाऊल टाकता आले. संध्याकाळी चारनंतर आई-वडिलांना नेले, तर बोट बरीच खाली गेलेली आणि खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या झालेल्या. वडिलांना दोघा खलाश्यांनी अक्षरशः उचलून उतरवले. इतक्या गर्दीच्या पर्यटनस्थळी तरंगता धक्का का नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपण सकाळी ऐन भरतीला गेलात आणि संध्याकाळी ऐन सुकतीला, म्हणजे पूर्ण ओहोटीला, फरक तेवढाच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मालवणला पाण्याची पातळी साधारण दोन मीटर वरखाली होते. धक्का जागचा हलत नाही, बोट मात्र पाण्याबरोबर उतरते आणि एरवी पाण्याखाली असणाऱ्या शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात. त्यात लाटेने बोट हातभर वर जाऊन पुन्हा खाली येते. बोटीच्या कडेला बांधलेले जुने टायर धक्क्याचा मार सोसतात, पण वृद्ध माणसाच्या गुडघ्यांना त्यांचा काही उपयोग होत नाही.

तरंगता धक्का पाण्याबरोबर वरखाली होतो आणि त्याला बिजागरीने जोडलेला पूल तेवढा कमी-अधिक उतरता होतो, त्यामुळे बोटीची कड आणि पायाखालची फळी नेहमी जवळपास एका पातळीत राहतात. मात्र त्याला शांत पाण्याचा आडोसा लागतो. उघड्या लाटांवर त्याच्या साखळ्या आणि सांधे टिकत नाहीत. शिवाय तो तरंगतो तिथे ओहोटीतही पुरेशी खोली हवी, आणि मालवणची खरी अडचण तिथेच आहे. किल्ल्याभोवतीचा समुद्र बुडत्या खडकांनी भरलेला असून नेमकी वाट ठाऊक असलेला तांडेलच (बोट हाकणारा प्रमुख) तिथून बोट काढू शकतो. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू केले, तेव्हा हेच खडक शत्रूच्या गलबतांविरुद्धचे संरक्षण ठरले होते. आज ते फोडून वाट रुंद करणेही सोपे नाही, कारण १९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात किल्ल्याभोवतीचा समुद्र येतो. तरीही, हात धरण्याजोगा कठडा आणि वेळच्या वेळी खरवडलेल्या पायऱ्या यांसाठी ना आडोसा लागतो ना खोदकाम. या दोन गोष्टींबाबतची आपली तक्रार मला पूर्णपणे रास्त वाटते.

तोवर कोकणातला जुना हिशेब वापरावा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते : पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी सुकती. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास वृद्धांना सकाळी साडेनऊ ते एक या वेळेत न्यावे. अष्टमीला याच हिशेबाने भरती सहाला येते आणि दुपारी सुकती असते. परंतु ते भांगाचे, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे, दिवस असल्याने पाणी फारसे खाली जात नाही आणि चढउतार कोणत्याही वेळी त्या मानाने सोपा जातो. परतीची वेळही याच हिशेबात धरावी, कारण किल्ल्यावर तासभर रेंगाळले की पाणी तेवढे उतरलेले असते.

प्रश्न : मुंबईहून अलिबागजवळच्या मांडव्याला गाड्यांसह प्रवासी नेणारी रो-रो सेवा पावसाळ्यातही चालते, मग मालवणची किल्ल्याची फेरी मेअखेरीस बंद का होते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मांडव्याला लाटा अडवणारा बंधारा आहे आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या रो-रो सेवेचे जहाजही मोठे आहे, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लहान लाँच मात्र पावसाळ्यात बंदच असतात. मालवणची प्रवासी होडी त्याहूनही लहान आहे. नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की खडकांवर लाटा फुटून ओळखीची वाट फेसाखाली दिसेनाशी होते आणि किल्ल्याच्या दरवाजापाशी होडी स्थिर धरता येत नाही. ऑगस्ट संपेपर्यंत या होड्या वाळूवर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या दिसतील.