नॅकचं मानांकन की मूल्यांकन? आणि एनआयआरएफला काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे : ‘विद्यापीठाला नॅकचे मानांकन’, ‘नॅक मूल्यांकनात अ++’, ‘एनआयआरएफ मानांकनात घसरण’ अशा बातम्या कायम दिसतात. मूल्यमापन, मूल्यांकन, मानांकन, श्रेणी, क्रमवारी हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? नसतील तर कुठे कुठला वापरावा?

एकाच अर्थाचे नाहीत, आणि गोंधळाचं मूळ बहुतेक वेळा ‘मानांकन’ या शब्दात सापडतं.

आधी सोपी जोडी घेऊ. मूल्यमापन आणि मूल्यांकन यांत व्युत्पत्तीने फारसं अंतर नाही. फरक रूढीने पडला आहे. विद्यार्थ्याचं होतं ते मूल्यमापन (शाळांतलं ‘सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन’ आठवा), तर संस्थेचं किंवा मालमत्तेचं होतं ते मूल्यांकन. ही रूढी पाळणं सोयीचं आहे, कारण महाविद्यालयं-विद्यापीठं तपासणाऱ्या नॅकच्या सात निकषांपैकी दुसरा निकषच ‘अध्यापन, अध्ययन आणि मूल्यमापन’ असा आहे. तिथे महाविद्यालय परीक्षा कशा घेतं हे तपासलं जातं. म्हणजे मूल्यमापनाचंही मूल्यांकन होतं. दोन्हीकडे एकच शब्द वापरला तर वाक्याचा अर्थच लागत नाही.

नॅक, म्हणजे १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्थापन केलेली बंगळुरूची ‘नॅशनल असेसमेंट अँड अ‍ॅक्रेडिटेशन कौन्सिल’ ही परिषद, दोन कामं करते आणि दोन्ही तिच्या नावातच आहेत. पहिलं ‘असेसमेंट’, म्हणजे मूल्यांकन. दुसरं ‘अ‍ॅक्रेडिटेशन’, त्याला हिंदीत ‘प्रत्यायन’ म्हणतात. शब्द संस्कृत आहे, ‘खात्री पटवणे’ हा त्याचा अर्थही चोख बसतो. पण मराठीत तो कुणाच्या तोंडी नाही. आपल्याकडे तयार शब्द आहे : अधिस्वीकृती. राज्य शासन पत्रकारांना अधिस्वीकृती देतं ती हीच कल्पना. ठरलेल्या अटी पूर्ण केल्या, म्हणून अधिकृत मान्यता.

मूल्यांकन ही प्रक्रिया. २०१७ च्या सुधारणेनंतर रुळलेल्या पद्धतीत संस्था आधी स्वयंमूल्यांकन अहवाल भरते, त्यातल्या आकड्यांची पडताळणी त्रयस्थ यंत्रणा करते, विद्यार्थ्यांचं समाधान सर्वेक्षण होतं आणि मग तज्ज्ञांची समिती भेट देते. प्रत्येक बाबीला ० ते ४ गुण, त्याला महत्त्वानुसार भार (वेटेज), आणि एकूण भार १००० धरून सरासरी. ही सरासरी ३.५१ किंवा वर गेली की अ++, ३.२६ ते ३.५० असेल तर अ+, १.५० किंवा त्याखाली राहिली तर अधिस्वीकृतीच नाही. ही जी अ++, ब+ वगैरे मिळते ती श्रेणी. म्हणून ‘मूल्यांकन झालं, अधिस्वीकृती मिळाली, श्रेणी अ+ आली’ हे तीन वेगळे शब्द तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

एनआयआरएफचं तसं नाही. एनआयआरएफ म्हणजे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचं ‘नॅशनल इन्स्टिट्यूशनल रँकिंग फ्रेमवर्क’. २०१६ पासून जाहीर होणारी ती यादी म्हणजे निव्वळ क्रमवारी. श्रेणी ठरलेल्या रेषेवर मिळते. शंभर महाविद्यालयं ३.५१ च्या वर गेली तर शंभरांनाही अ++ मिळेल. क्रमवारीत मात्र कुणी वर चढलं की कुणीतरी खाली येतंच. विद्यापीठाचे स्वतःचे गुण वाढले आणि शेजाऱ्याचे जास्त वाढले, तरी क्रमांक घसरतो. ‘दर्जा घसरला’ हा मथळा अशा वेळी सरळ चुकीचा असतो. घसरलं ते स्थान. आणखी एक नेहमीची चूक : पहिल्या शंभरांनंतर विद्यापीठांना स्वतंत्र क्रमांक नसतो, १०१ ते १५० असा गट असतो आणि गटातली नावं वर्णानुक्रमे लावलेली असतात. गटात पहिलं नाव छापलं गेलं म्हणून ‘१०१वा क्रमांक’ लिहू नये.

आता मानांकन. आयएसओ मानांकन, भौगोलिक मानांकन यांत ते प्रमाणपत्राच्या अर्थाने येतं. क्रीडापानावर मात्र ‘अग्रमानांकित’, ‘बिगरमानांकित’ हे शब्द टेनिसमुळे पक्के बसले आहेत, आणि तिथे त्याचा अर्थ स्पर्धेतलं वरचं-खालचं स्थान. एकच शब्द अधिस्वीकृती आणि क्रमवारी दोन्ही सुचवणार असेल, तर उच्च शिक्षणाच्या बातमीतून तो काढलेलाच बरा. नॅकने २०२४ मध्ये ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशी दोनच निकालांची पद्धत आणण्याचं जाहीर केलं. तशा निकालाला तर श्रेणीही म्हणता येणार नाही.

शब्दांची इतकी चिकित्सा का, याचं उत्तर परिणामांत आहे. नॅकच्या २०१७ च्या रचनेत विद्यापीठासाठी संशोधनाचा भार २५० आणि अध्यापनाचा २०० होता. एनआयआरएफमध्ये दोन्हींना प्रत्येकी ३० टक्के, शिवाय लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० टक्के. शोधनिबंध मोजता येतात, वर्गात काय घडलं ते सहजी मोजता येत नाही. म्हणून जोर कुठे जातो ते उघड आहे. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीलाही ‘एपीआय’, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणारे गुण जोडले गेले आणि पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचं पेवच फुटलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं वगळली. पुढच्या वर्षी मान्य नियतकालिकांची नवी ‘केअर’ यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. २०२५ मध्ये आयोगाने तीही थांबवली. माप हेच लक्ष्य झालं की ते चांगलं माप उरत नाही, हे अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नियमाचं आज सर्वत्र उद्धृत होणारं रूप मॅरिलिन स्ट्रॅथर्न या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ मध्ये मांडलं, तेही ब्रिटिश विद्यापीठांच्या लेखापरीक्षणाबद्दल लिहिताना.

महाविद्यालयांत बोलताना ‘आमचं नॅक झालं’, ‘क्रायटेरिया थ्रीचे पुरावे लावले का?’, ‘जिओटॅग फोटो आहेत का?’ असंच बोललं जातं, त्यात काही वावगं नाही. फक्त ‘क्रायटेरिया’ अनेकवचन आहे, तिसरा तो ‘क्रायटेरियन’. त्यापेक्षा ‘तिसरा निकष’ म्हणणं सोपं. निकष म्हणजे मुळात सोनं घासून पाहायचा दगड. निकषाखाली येतात ते दर्शक, आणि दर्शकाखाली प्रत्यक्ष मोजायच्या बाबी. या तिन्हींना सरसकट ‘निकष’ म्हटलं की ‘नॅकचे शंभर निकष’ अशी वाक्यं तयार होतात. निकष सातच.