लांब इंग्रजी शब्द कसा फोडावा?

लांब इंग्रजी शब्द अर्थानुसार फोडावा की उच्चारानुसार, हा तुमचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण शब्दाचे अर्थानुसार होणारे भाग आणि उच्चारानुसार होणारे सिलॅबल (एकेका स्वराभोवती एका दमात बोलले जाणारे तुकडे) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द सर्पिल या अर्थाचे ‘हेलिको’ आणि पंख या अर्थाचे ‘प्टर’ या ग्रीक मुळांपासून बनला आहे, परंतु बोलताना त्याचे हे-लि-कॉप्-टर असे चार तुकडे होतात. दोन्ही विभागण्या आपापल्या जागी बरोबर आहेत.

सुरुवातीला हा क्रम पाळा:

1. आधी उपसर्ग आणि प्रत्यय वेगळे करा. ‘अनप्रेडिक्टेबल’ म्हणजे अन, प्री, डिक्ट आणि एबल. ‘डिक्ट’चा अर्थ ‘सांगणे’ आहे हे कळले की ‘डिक्टेशन’ आणि ‘कॉन्ट्रडिक्ट’ हे शब्दही उलगडू लागतात. या अभ्यासातला सर्वांत मोठा आनंद मला इथेच वाटतो.
2. मग ऐकू येणारे स्वर मोजा.

स्पेलिंगमधील स्वर मोजणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. ‘मेक’मध्ये असे दोन स्वर आहेत, पण शेवटचा ‘ई’ मूक असल्याने सिलॅबल एकच होतो. ‘स्ट्रेंग्थ’मध्ये तर 8 अक्षरे असूनही एकच. तसेच ‘अंकल’च्या आरंभी यू-एन दिसले, तरी तो उपसर्ग नव्हे. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम सध्या बाजूला ठेवा.