जुन्या जीपचे मागचे ड्रम ब्रेक नीट लागत नाहीत, पेडल दोनदा पंप केल्यावरच धरतात, काय तपासावं?

पेडल दोनदा पंप केल्यावरच ब्रेक धरतो म्हणताय, तर बहुतेक लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे) झिजून ड्रमपासून लांब गेलेत. पुढच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा, मागचं चाक जॅकवर घेऊन लायनर ड्रमजवळ आणणारा अ‍ॅडजस्टर आवळा. चाक जाम झालं की जेमतेम घासेल इतकं सैल करा.

फरक नाही पडला तर ड्रम काढाच. व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग) रबर बोटाने उचला, आत ओल दिसली तर त्याचं रबरांचं किट बदला. लायनरवर जाड, उग्र वासाचं तेल असेल तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय. आधी सील, मग दोन्ही बाजूंचे नवे लायनर. तेल प्यायलेले धुऊन चालत नाहीत. आपल्या काळ्या मातीचा चिखल आत वाळलेला असतोच. तो ओल्या फडक्याने पुसा, हवा मारू नका; जुन्या लायनरच्या धुळीत फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.