उभ्या गाडीत बॅटरी उतरते कशी?

प्रश्न : सर, गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारताना नुसतं टक-टक-टक. बॅटरी नवीन टाकली तरी तेच, आता मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर बदला. घरी काही बघता येईल का?

उत्तर : येईल की, आणि अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) खर्च करायच्या आधी तर बघाच. एक साधा डिजिटल मल्टीमीटर लागेल. सकाळी गाडी चालू करायच्या आधी बॅटरीचं व्होल्टेज बघा, १२.६ च्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. मग गाडी चालू करून हेडलाइट नि ब्लोअर लावून परत बघा, १३.८ ते १४.५ मध्ये आकडा आला तर अल्टरनेटर बिचारा त्याचं काम करतोय, त्याला सोडा.

म्हणजे मग गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय. थोडा तर सगळ्याच गाड्या खातात, घड्याळ, सेंट्रल लॉक वगैरेला लागतोच, साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. पण ग्लोव्हबॉक्सचा ५ वॅटचा दिवा आत चालू राहिला तर तो ४०० च्या वर घेतो, म्हणजे दिवसाला १० अँपिअर-अवर, आणि ४५ अँपिअर-अवरची बॅटरी असली तर तीन दिवसांत काय उरणार सांगा!

मोजायचं असं. बोनेट उघडं ठेवा, ड्रायव्हरचं दार उघडून त्याच्या लॅचमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून लॅच बंद करा म्हणजे गाडीला वाटतं दार लागलंय (नंतर हँडल ओढून लॅच मोकळं करायला विसरू नका, नाहीतर दार आपटाल), किल्ली लांब ठेवा आणि अर्धा-पाऊण तास कशाला हात लावू नका, कारण आतले कॉम्प्युटर झोपायला तेवढा वेळ घेतात. आता मीटर मिलिव्होल्टवर ठेवून फ्यूज न काढता प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर जे दोन बारीक धातूचे ठिपके दिसतात त्यांवर दोन्ही प्रोब टेकवा. शून्य आलं तर त्या लाइनमधून काही जात नाही, काही आकडा आला तर जातंय, आणि ज्या लाइनला काही लागायलाच नको तिथे आकडा दिसला तर चोर तिथेच. फ्यूज उपटून बघायची पद्धतही आहे पण परत बसवताना झोपलेले कॉम्प्युटर जागे होतात नि सगळं मुसळ केरात. सगळे फ्यूज शून्य असतील तर बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, डॅशकॅम, ट्रॅकर बघा, यांची वायर बऱ्याचदा थेट बॅटरीवरच मारलेली असते. मेकॅनिकला दोष देत नाही, त्याच्याकडे एवढा वेळ गाडी नुसती उभी ठेवून बघायला सवड कुठे असते.

प्रश्न : मागचा इंडिकेटर लावला की शेजारचा पार्किंग लाइटपण मिचमिचतो. बल्ब बदलून झाले.

उत्तर : अर्थिंग गेलंय, बल्बचा काही संबंध नाही. बल्बमधून गेलेला करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जायला हवा, तो रस्ता गंजला की करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. खात्री करायला एक लांब वायर घ्या, एक टोक लाइटच्या अर्थच्या पिनला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाइट लगेच नीट लागला तर अर्थचा बोल्ट शोधा, खोलून पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलिन लावा.

प्रश्न : १० अँपिअरचा फ्यूज सारखा उडतो, २० चा टाकला तर?

उत्तर : अजिबात नको! फ्यूज वायर वाचवायला असतो, मोठा टाकलात तर फ्यूज राहील आणि वायर जळेल. त्याऐवजी उडालेला फ्यूज काढून त्याच्या जागच्या दोन खाचांमध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब वायरने जोडा. शॉर्ट असेल, म्हणजे सोललेली वायर बॉडीला टेकत असेल, तर तो फुल पेटेल, मग वायरिंग जागोजागी हलवत जा, जिथे हलवल्यावर बल्ब मंद होतो तिथेच वायर सोललेली आहे. पहिल्यांदा दार आणि डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी बघा, उघडझाप होऊन तिथल्या वायरी तुटतात. फक्त पिवळ्या कनेक्टरच्या एअरबॅगच्या वायरी नि हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीतल्या नारिंगी केबलना हात लावू नका, ते काम गॅरेजचं.