बँकेला कळवू की नको? ग्रीन कार्डावर आलेल्या पेन्शनर काकांचा प्रश्न

प्रश्न: मी जलसंपदा विभागातून निवृत्त झालो. वय ७१. पेन्शन सातारा कोषागारातून येते आणि तिथल्याच बँकेत जमा होते. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो. तो इकडचा नागरिक झाल्यावर त्याने आम्हा दोघांचं ग्रीन कार्ड केलं आणि या उन्हाळ्यात आम्ही आलो. मुलगा-सून म्हणतात, "बाबा, कागदपत्रांचं टेन्शन तुम्ही घेऊ नका, आम्ही बघतो." पण ती दोघं दिवसभर कामावर आणि बँकेचा ओटीपी येतो माझ्या फोनवर. इथल्या मंडळींत कुणी म्हणतं बँकेला कळवा, कुणी म्हणतं चुकूनही कळवू नका, पेन्शन बंद पडेल. नोव्हेंबर तोंडावर आला आहे. शिवाय खरं सांगायचं तर हिचं मन अजून इथे रमलेलं नाही. थंडीत तिकडे आणि उन्हाळ्यात इकडे असं आम्ही केलं तर चालेल का?

उत्तर: काका, परदेशात राहायला गेलं म्हणून कुणाची पेन्शन बंद होत नाही. ती थांबते दर नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही की. तेव्हा "कळवू नका" म्हणणाऱ्यांना चहा पाजा, पण त्यांचं ऐकू नका.

तुमच्या पत्रात प्रश्न चार-पाच दिसतात, पण मुळात प्रश्न एकच आहे: तुम्ही राहता कुठे? बँक तेच विचारते, भारतातलं आयकर खातं तेच विचारतं, इथलं कर खातं तेच विचारतं आणि नेवार्कच्या विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारीही तेच विचारतो. प्रत्येकाचे नियम वेगळे असले तरी तुमचं उत्तर सगळीकडे एकच हवं. बँकेत "साताऱ्याला", विमानतळावर "एडिसनला" आणि कराच्या फॉर्मवर तिसरंच, असं झालं की पुढची सगळी डोकेदुखी सुरू होते.

नुसतं व्हिजिटर व्हिसावर सहा महिने नातवंडं सांभाळायला आला असतात तर बँकेत काहीच बदलायची गरज नव्हती. पण ग्रीन कार्ड म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना. तो घेऊन राहायला आलात म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, फेमाच्या, नजरेत तुम्ही अनिवासी झालात. त्यामुळे तुमचं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं भारतातलं रुपयातलं खातं, करून घ्यायला हवं. पेन्शन त्याच खात्यात जमा होत राहते. खातेक्रमांक बदलला तर मात्र तो कोषागाराला कळवा, नाहीतर एखाद्या महिन्याची पेन्शन मध्येच अडकून बसेल. खातं बदललं नाही म्हणून उद्या कुणी दारात येणार नाही हे खरं, पण फेमात रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. निवृत्तीची पुंजी अशा टांगणीला कशाला ठेवायची?

आता करांकडे येऊ. इथे बहुतेकांना धक्का बसतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

"व्याजावर कर कापू नका" म्हणून तुम्ही दर एप्रिलला बँकेत जो १५-एच भरून देत होतात, तो आता विसरा. तो फक्त भारतात राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी असतो. एनआरओ ठेवींच्या व्याजावर बँक पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि त्यावर उपकर असा एकूण ३१.२ टक्के कर कापते. दुसरं म्हणजे, बारा लाखांपर्यंत करमाफी म्हणून जी बातमी आपण सगळ्यांनी वाचली, ती सवलतसुद्धा निवासी माणसालाच आहे. धरून चाला की तुमची पेन्शन वर्षाला ७ लाख २० हजार आणि ठेवींचं व्याज २ लाख. साताऱ्यात राहिला असतात तर आयकराच्या नव्या पद्धतीत आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी कर शून्य. अनिवासी म्हणून ७५ हजारांची प्रमाणित वजावट जाऊन ८ लाख ४५ हजार उरतात आणि त्यावर उपकरासह २५,४८० रुपये कर बसतो. पण बँकेने व्याजातूनच ६२,४०० कापून ठेवलेले असतात. म्हणजे जवळजवळ ३७ हजार रुपये तुम्हाला परत मिळायला हवेत. विवरणपत्र भरलंत तरच ते मिळतात. "मला काही कर लागत नाही, मी कशाला रिटर्न भरू" हे पेन्शनरांचं आवडतं वाक्य इथे थेट खिशाला कात्री लावतं. भारत-अमेरिका करारानुसार व्याजावरचा कर १५ टक्क्यांवर येऊ शकतो, पण त्यासाठी इथल्या कर खात्याकडून रहिवासी असल्याचा दाखला आणावा लागतो. पहिल्या वर्षी मी म्हणेन की सरळ रिटर्न भरून परतावा घ्या.

त्याच बैठकीत आणखी एक काम उरका. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून प्रोफाइलमध्ये 'निवासी' आहे ते 'अनिवासी' करा आणि इथला पत्ता घाला. आयकरासाठी निवासी की अनिवासी हे त्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होता यावर ठरतं, फेमासारखं हेतूवर नाही. तेव्हा ज्या वर्षी निघालात त्या वर्षाचे दिवस पासपोर्टावरचे शिक्के बघून मोजा. सातारचं घर भाड्याने दिलं असेल तर भाडेकरूलाही सांगा, कारण अनिवासी मालकाच्या भाड्यातून कर कापायची जबाबदारी त्याच्यावर येते. बिचाऱ्याला हे कुणी सांगितलेलं नसतं.

अमेरिकेकडे ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं, पेन्शनसकट. घाबरू नका. नवरा-बायकोने मिळून विवरण भरलं तर २०२५ साली प्रमाणित वजावटच ३१,५०० डॉलर होती, पासष्टीच्या पुढच्यांना त्याहून जास्त. तुमचे नऊ-सव्वानऊ लाख रुपये तिच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. खरी मेख वेगळीच आहे. भारतातल्या तुमच्या सगळ्या खात्यांची आणि ठेवींची बेरीज वर्षातल्या कुठल्याही एका दिवशी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचा अहवाल ऑनलाइन द्यावा लागतो. तो कर नाही, नुसती माहिती आहे. मात्र न दिल्यास दंड जबर आहे. निवृत्तीची पुंजी मुदत ठेवीत असलेल्या माणसाची बेरीज त्यावर सहज जाते. आणि सोयीसाठी म्हणून ठेवीवर मुलाचं नाव जोडलं असेल तर तीच ठेव त्यालाही आपल्या एफबारमध्ये दाखवावी लागते. आज रात्री जेवताना विचारून बघा, त्याने दाखवली आहे का. म्युच्युअल फंड असतील तर स्वतः काही भरू नका. भारतीय फंडांवरचे इथले नियम फार किचकट आहेत, दोन्हीकडचं जाणणाऱ्या सीएकडेच जा.

नोव्हेंबरकडे वळू या. साताऱ्यात तुम्ही बँकेत जाऊन कोषागाराच्या यादीत आपल्या नावासमोर सही करून येत होतात. इथून दोन वाटा आहेत. पहिली, फोनवरचं 'जीवन प्रमाण', म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला. २०१४ साली ते सुरू झालं तेव्हा बोटांचे ठसे घेणारं यंत्र लागायचं. २०२१ पासून चेहरा दाखवून काम होतं, त्यासाठी आधारचं चेहरा ओळखणारं ॲप फोनमध्ये लागतं. उजेडाकडे तोंड करून, चष्मा काढून बसा. ते पापण्या मिटायला सांगतं, तेव्हा सावकाश मिटा. माहिती भरताना पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) क्रमांक पुस्तिकेत बघून घाला, आठवणीतून नको. पेन्शन मंजूर करणारं आणि देणारं कार्यालय निवडताना यादीत केंद्र सरकारची, रेल्वेची, संरक्षण खात्याची कितीतरी नावं येतात. त्यातून आपलं राज्य आणि आपलं कोषागार नेमकं शोधा. शेवटी प्रमाण आयडी आला की लोक फोन खाली ठेवतात. पण तो फक्त दाखला तयार झाल्याचा क्रमांक असतो, कोषागाराने स्वीकारला की नाही ते नंतर कळतं. आठवड्याभराने जीवन प्रमाणच्या संकेतस्थळावर बघा आणि डिसेंबरची पेन्शन जमा झाली का तेही बघा. राज्याच्या 'निवृत्तिवेतनवाहिनी'वर महिन्याची पेन्शन पावती दिसते.

ॲपने दाद दिली नाही तर दुसरी वाट भारतीय वकिलातीची. न्यू जर्सी न्यूयॉर्कच्या वकिलातीच्या हद्दीत येतं. पासपोर्ट आणि पीपीओ घेऊन तुम्ही स्वतः गेलात की हयातीच्या दाखल्यावर सही-शिक्का मिळतो, त्याला शुल्क नाही. मूळ कागद कुरियरने कोषागारात पाठवा आणि पाठवण्याआधी फोटो काढून ठेवा.

हे सगळं ज्या ओटीपीवर चालतं तो भारतातला मोबाइल नंबर जिवंत ठेवा. नव्वद दिवस वापरच नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते आणि पुढे तोच नंबर दुसऱ्याला देते. मग तुमच्या बँकेचे ओटीपी कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर वाजायचे. रोमिंग सुरू ठेवा आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहा. आणि फोन तुमच्याच हातात राहू द्या. मुला-सुनेच्या "आम्ही बघतो"मागे माया आहे, पण तेहतीस-चौतीस वर्षं सरकारी फायली हाताळलेल्या माणसाला एक फाइल जड नाही. सगळे पासवर्ड सुनेच्या लॅपटॉपमध्ये आणि सासऱ्यांना स्वतःच्या पेन्शनचा आकडा माहीत नाही, अशी घरं मी बरीच बघते. ते मला पटत नाही. त्यांना मदतीला घ्या, कारभार तुमचा ठेवा.

आता वहिनींच्या मनाचा प्रश्न. थंडीत साताऱ्याला आणि उन्हाळ्यात एडिसनला, हे ऐकायला छान वाटतं. पण ग्रीन कार्ड हे पर्यटनाचं तिकीट नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहून परतलात की विमानतळावर चौकशी होऊ शकते. वर्षाच्या वर राहायचं असेल तर आय-१३१ हा अर्ज करून री-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याचा परवाना, घ्यावं लागतं. ते साधारण दोन वर्षांसाठी मिळतं, आणि अर्ज करताना तुम्ही अमेरिकेतच असावं लागतं. साताऱ्याला पोचल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही. दर वेळी पाच महिने एकोणतीस दिवसांनी परतणं हीसुद्धा पळवाट नव्हे. अधिकारी एकूण चित्र बघतो: इथे घर कुठे, बँक कुठे, विवरणपत्र भरता का. म्हणूनच "मी इथला रहिवासी नाही" असं दाखवणारं अनिवासी विवरण इथे कधीही भरू नका. आणि विमानतळावर कुणी आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर त्यावर मुकाट्याने सही करू नका. त्या सहीने तुम्ही आपण होऊन ग्रीन कार्ड सोडता. सही करणं ऐच्छिक आहे आणि न्यायाधीशापुढे म्हणणं मांडायचा हक्क तुम्हाला आहे. मुलाने घर बदललं तर नवा पत्ता दहा दिवसांत इमिग्रेशनला कळवायचा असतो, हेही त्याला सांगून ठेवा. कार्ड मात्र कपाटात नको, कायद्याने ते जवळ बाळगावं लागतं. पासपोर्ट खिशात घेऊन फिरायला लागू नये म्हणून न्यू जर्सीचं ओळखपत्र काढून घ्या. गाडी चालवत नसलात तरी ते मिळतं. बासष्टीपुढच्यांना एनजे ट्रान्झिटच्या बस-रेल्वेत कमी भाडं आहे. वहिनींना आपल्या दुकानांच्या ओक ट्री रोडवर एकटीला जाता यायला लागलं की मन रमायला तेवढीच मदत.

आजारपणाचं थोडक्यात, पण टाळू नका. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, पासष्टीला मिळतं हे इथे नोकरी केलेल्यांसाठी. तुम्हाला सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर ते विकत घेता येतं. २०२५ चे दर बघितले तर पार्ट ए (रुग्णालयाचा) महिन्याला ५१८ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांचा) १८५ डॉलर होता, दर माणशी. तोवर राज्याच्या 'गेट कव्हर्ड एनजे' या संकेतस्थळावरून विमा घ्या. नव्याने आलेल्यांना त्यासाठी ६० दिवसांची मुभा असते. ती गेली असेल तर १ नोव्हेंबरपासून खुली नोंदणी सुरू होते. प्रवासी विम्यावर दिवस काढू नका, जुना मधुमेह आणि रक्तदाब त्यात धरत नाहीत. डॉक्टरकडे जाताना टेल्मा, ग्लायकोमेट अशी ब्रँडची नावं सांगून भागणार नाही, टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन असं चिठ्ठीवर लिहून न्या.

साताऱ्याच्या घरासाठी भावाला किंवा पुतण्याला मुखत्यारपत्र द्यावं लागेलच. सगळ्या अधिकारांचं एकच मोघम पत्र देऊ नका. भाडं, वीजबिल, घरपट्टी अशी कामं नेमकी लिहा आणि मुदत घाला. ते वकिलातीत साक्षांकित करा किंवा इथल्या नोटरीसमोर सही करून राज्याकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, करून घ्या. महाराष्ट्रात कागद पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे पुतण्याला पत्रासोबतच लिहून कळवा. त्याच पाकिटात वहिनींच्या नमुना सहीचा बँकेचा अर्जही घाला. पीपीओमध्ये त्यांचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, ते या नोव्हेंबरातच कोषागाराकडून तपासून घ्या, कारण कुटुंब निवृत्तिवेतन त्या नोंदीवरच ठरतं आणि एडिसनहून नावातली एक वेलांटी दुरुस्त करून घेणं म्हणजे वर्षभराचं काम.