जिओकॅशसाठी टिकाऊ आणि पाणी न शिरणारा डबा कोणता निवडावा?

जिओकॅश, थोडक्यात कॅश, म्हणजे जीपीएसच्या साहाय्याने इतरांनी शोधावा म्हणून लपवलेला डबा; त्यात शोधणारे, म्हणजे कॅशर, आपले नाव लिहितात ती नोंदवही म्हणजे लॉगबुक. आपल्या प्रश्नात अशा दोन कॅशचा उल्लेख आहे. पहिली झाडाच्या ढोलीत, दाबून बसणाऱ्या झाकणाच्या साध्या प्लॅस्टिक डब्यात आहे. दुसरी लोखंडी कठड्याच्या खालच्या अंगाला, किल्ली ठेवण्याच्या चुंबकी डबीत आहे. आणि दोन्हींतील लॉगबुक पावसानंतर ओले सापडते. उत्तर आधीच देऊन टाकतो. ढोलीसाठी चारही बाजूंनी खिट्ट्या लागणारा, झाकणात सिलिकॉनचा वायसर असलेला डबा घ्यावा. कठड्यासाठी ओ-रिंग (झाकणाच्या आट्यांशी बसणारे गोल रबरी कडे) असलेली ॲल्युमिनियमची नळी, म्हणजे कॅशर मंडळी जिला बायसन ट्यूब म्हणतात ती, घ्यावी. मात्र एकसारख्या दिसणाऱ्या अनेक डब्यांतून योग्य तो उचलायचा असेल, तर पाणी आत नेमके कसे शिरते हे ठाऊक असलेले बरे.

पाणी शिरते ते बहुतेक वेळा झाकणाच्या सांध्यातून, आणि त्यात पावसाच्या माऱ्यापेक्षा तापमानाचा हात मोठा असतो. उन्हात असलेल्या डब्यातील हवा ४५ अंश सेल्सियसपर्यंत तापलेली आहे असे धरू. त्यावर २० अंशांचा पाऊस पडू लागला की ती थोड्याच वेळात थंड होते, आणि डबा कडक व हवाबंद असेल तर आतील दाब सुमारे आठ टक्क्यांनी उतरतो. आठ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. पण पाण्याच्या उंचीत मोजला तर तो सुमारे ८० सेंटीमीटर भरतो. म्हणजे जमिनीपासून हातभर उंचीवर, फांदीच्या बेचक्यात ठेवलेल्या डब्याच्या झाकणाला त्या घटकेला ८० सेंटीमीटर खोल पाण्यात बुडवल्याइतका ताण सोसावा लागतो, आणि तोही नेमका झाकणाच्या खाचेत पाणी साचलेले असताना. वायसर कुठे जरासा ढिला असला, तर ते साचलेले पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी ऊन पडते, हवा प्रसरण पावते, ती बाहेर पडते. पाणी मात्र आतच राहते. सावलीत ठेवलेला मध्यम दर्जाचा डबा उन्हातील उत्तम डब्यापेक्षा पुष्कळदा जास्त टिकतो, त्याचे हे मुख्य कारण आहे.

याच कारणामुळे डब्यावर छापलेल्या आयपी मानांकनाकडे, म्हणजे धूळ व पाणी किती अडते हे सांगणाऱ्या अंकांकडे, थोडे जपून पाहावे. आयपी ६७ याचा अर्थ धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवल्यास अपायकारक प्रमाणात पाणी शिरत नाही, असा आहे. मात्र त्या चाचणीत पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात पाच अंशांहून अधिक फरक ठेवत नाहीत. तापलेल्या डब्यावर गार पाऊस ही आपली नेहमीची परिस्थिती त्या चाचणीत येतच नाही. असे मानांकन असलेला डबा नसलेल्यापेक्षा निश्चितच चांगला. पण त्यावर विसंबून घरी चाचणी करण्याचे टाळू नये.

लॉगबुक ओले झाले की अनेक कॅशमालक ‘आत दव धरले असेल’ असे म्हणून मोकळे होतात. हिशेब करून पाहिला तर हे पटत नाही. ३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत दर लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम बाष्प मावते आणि १० अंशांना सुमारे ९ मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटरच्या बंद डब्यातून फार तर वीस-एकवीस मिलिग्रॅम पाणी निघेल, जे एका थेंबाहूनही कमी आहे. तेवढ्याने कागद किंचित मऊ पडेल, त्याचा लगदा होणार नाही. डब्यात चमचाभर पाणी सापडले तर एक तर डबा गळतो आहे किंवा कोणीतरी तो भर पावसात उघडा ठेवला होता. सिलिका जेलच्या पुडीचे महत्त्वही यावरून ठरवता येते. चांगले सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके बाष्प शोषते, त्यामुळे घट्ट डब्यात दोन-तीन ग्रॅमची पुडी बराच काळ काम देते. गळक्या डब्यात मात्र ती पहिल्याच पावसात भरून जाते आणि मग ओल्या कागदाशेजारी आणखी एक ओली वस्तू एवढेच तिचे स्थान उरते.

आता झाकण बंद करणाऱ्याचा विचार करू, कारण माझ्या मते निवडीची खरी कसोटी तीच आहे. डबा आपण एकदाच काळजीपूर्वक लावतो. त्यानंतर तो अनोळखी माणसे लावतात, घाईत, अंधारात, हातमोजे घालून, कधी मुलांच्या हातून. म्हणून जे झाकण नीट लागले की नाही हे हाताला आणि डोळ्याला लगेच कळते, तेच चांगले. या कसोटीवर लष्करी काडतुसांची पोलादी पेटी, म्हणजे ॲमो कॅन, आजही पहिली येते. तिची कडी ओढली की तरफेच्या जोरावर झाकण जाड रबरी वायसरवर दाबले जाते आणि कडी एक तर पूर्ण बसते किंवा बसतच नाही. अर्धवट लागण्याची सोय तिच्यात नाही. जुनी पेटी घेताना वायसर बोटाने दाबून पाहावा: तो परत वर आला पाहिजे आणि त्याला भेगा नसाव्यात. बिजागरीजवळचा गंज खरवडून तिथे रंग द्यावा, आणि पेटीवरची लष्करी अक्षरे पूर्ण झाकून ‘जिओकॅश’ असे ठळक लिहावे. रानात, जागामालकाच्या परवानगीने, ही पेटी उत्तम; शहरात ती लोकांच्या मनात नको ती शंका उत्पन्न करते, म्हणून तिथे वापरू नये. आट्यांचे झाकण लावलेली, दोन्ही टोके बंद केलेली पीव्हीसी पाइपची नळीही याच कारणासाठी टाळावी, मग ती कितीही जलरोधक असो.

चार खिट्ट्यांच्या डब्यांत, जे लॉक अँड लॉक या नावाने कॅशर मंडळींत ओळखले जातात, सगळा भार झाकणाच्या खाचेत बसवलेल्या पोकळ सिलिकॉनच्या कड्यावर असतो. डबा घेताना हे कडे निघते का ते पाहावे, कारण निघणारे कडे धुता येते. वापरातल्या डब्याचे कडे बाहेर काढून उजेडात धरले की कोपऱ्यांच्या वळणावर वाळूचे कण, मातीची रेघ, क्वचित एखादा केस चिकटलेला दिसतो. त्यातला एक कण जरी कड्याखाली राहिला, तरी तेवढ्या जागी कडे उचलले जाते आणि पाण्याला वाट मिळते. समोरासमोरच्या दोनच खिट्ट्या असलेले डबे मधल्या लांब बाजूंवर फुगतात; ते घेऊ नयेत. लांबट डब्यापेक्षा चौकोनी किंवा गोल डबा बरा, कारण त्यात वायसरवर दाब सगळीकडे सारखा पडतो. आपल्या ढोलीसाठी अर्धा ते पाऊण लिटरचा डबा पुरेसा होईल. प्रचलित वर्गवारीत १०० मिलिलिटर ते एक लिटर हा ‘स्मॉल’ आकार आहे, आणि त्यात लॉगबुक, पेन्सिल व अदलाबदलीच्या काही वस्तू आरामात मावतात.

लहान आकारात निवड अधिक कठीण असते. किल्लीच्या चुंबकी डबीचे झाकण सरकते आणि त्याला वायसरच नसतो. ती पाणी अडवण्यासाठी बनवलेलीच नाही, तेव्हा तिच्याकडून ती अपेक्षा सोडून द्यावी. ३५ मिलिमीटर फिल्मची डबी केवळ फुकट मिळत असे म्हणून या छंदात रुजली. काळी डबी आणि करडे झाकण ही जोडी तर हमखास ओली सापडते. बायसन ट्यूब चांगली, परंतु तिची ओ-रिंग लहान असते आणि लवकर झिजते, आटे मऊ ॲल्युमिनियमचे असल्याने रेती गेली की घासले जातात, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत ते जॅम होतात. रिंग नायट्राइल रबराची असेल तर तिला सिलिकॉन ग्रीसचा हलका हात लावावा. रिंगच सिलिकॉनची असेल तर सिलिकॉन ग्रीस लावू नये, ती फुगते. लोखंडाला धरून ठेवण्यासाठी निओडिमियम चुंबक वापरणार असाल, तर त्यावर इपॉक्सीचा थर द्यावा, कारण वरचा निकेलचा मुलामा उडाला की तो चुंबक झपाट्याने गंजतो.

जागा थोडी अधिक असेल तर माझी पसंती पेट प्रीफॉर्मला आहे. पेयाची बाटली फुगवण्याआधीची ही जाड भिंतीची नळी असते. तिच्या २८ मिलिमीटर तोंडाला नेहमीचे बाटलीचे झाकण बसते, आणि ती जोडी मुळातच वायूयुक्त पेयाचा दाब सहन करण्यासाठी घडवलेली असल्यामुळे पाऊस तिच्यासाठी फार मोठी गोष्ट नाही. शिवाय झाकण कसे पिळायचे हे कोणालाही सांगावे लागत नाही. फांदीला टांगताना झाकण खालच्या बाजूला ठेवावे, म्हणजे आट्यांशी पाणी साचत नाही. पण दोरी ओवण्यासाठी झाकणाला भोक पाडू नये. दोरी मानेच्या कड्याखाली बांधावी. हाच नियम सर्व डब्यांना लागू आहे: स्क्रू, खिळा किंवा तार यांसाठी पाडलेल्या एका छिद्राने महागड्या डब्याचेही काही चालत नाही. ‘नॅनो’ या अगदी बोटाच्या टोकाएवढ्या डब्या मी सहसा सुचवत नाही.

प्लॅस्टिकचा प्रकार डब्याच्या तळाशी त्रिकोणातील अंकाने कळतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, बहुतेक खिट्टीचे डबे याचेच असतात; उन्हातील अतिनील किरणांनी ते ठिसूळ होते आणि सर्वांत आधी खिट्ट्यांच्या दुमडीवर तडकते, शिवाय शून्य अंशाच्या आसपास साधे पॉलिप्रॉपिलीन कडक पडू लागते. २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिइथिलीन, जे थंडीत अधिक लवचीक राहते. ६ अंकाचे काचेसारखे दिसणारे पॉलिस्टायरीन घेऊच नये. काचेची बरणीही नको. फुटली तर इजा होते. रंग द्यायचा असेल तर प्लॅस्टिकचे प्रायमर आधी लावावे आणि वायसर, खाच, आटे यांवर रंग जाऊ देऊ नये. चिकटपट्टी झाकणाच्या सांध्यावरून नेऊ नये. तिच्याखाली पाणी साचून राहते.

डबा जमिनीत पुरण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी अमेरिकेत ओरेगॉनमधील बीव्हरक्रीक येथे ठेवलेली पहिली कॅश म्हणजे अर्धवट पुरलेली प्लॅस्टिकची बादलीच होती. आज मात्र जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खणणे नियमात बसत नाही, आणि जलरोधकतेच्या दृष्टीनेही ते वाईटच: खड्ड्यात पाणी तुंबते आणि डबा दिवसेंदिवस त्यात बुडून राहतो.

नवा डबा बाहेर नेण्यापूर्वी पुढील चाचणी करावी. टिश्यू पेपरवर जेल पेनाने काही ठिपके काढून तो डब्यात ठेवावा, डबा बंद करावा, आणि तो अर्धा तास हाताला सोसेल एवढ्या गरम पाण्यात दाबून धरावा. या वेळी सांध्यातून बुडबुडे आले तर डबा तिथेच बाद. बुडबुडे आले नाहीत, तर तो तसाच उचलून बर्फ घातलेल्या पाण्यात रात्रभर वजनाखाली ठेवावा. सकाळी बाहेरून पूर्ण पुसून मगच उघडावा, नाहीतर झाकणावरचेच थेंब आत पडून निकाल फसवा ठरतो. ठिपके पसरले असतील तर डबा गळका आहे. खिट्टीचे डबे घेतानाच त्याच आकाराचे दोन घ्यावेत आणि ही चाचणी दोन्हींवर करावी.

लॉगबुकसाठी जलरोधक कागद आणि साधी पेन्सिल वापरावी. पेनाची शाई थंडीत गोठते किंवा ओलीत पसरते. झिपलॉक पिशवीबद्दल मतभेद आहेत. माझा अनुभव असा की डबा चांगला असेल तर ती नसलेलीच बरी, कारण मी उघडलेल्या ओल्या डब्यांत पुन्हा पुन्हा दिसलेले दृश्य एकच आहे: पिशवीचा एक कोपरा झाकण आणि वायसर यांच्यामध्ये अडकलेला, आणि त्या चुणीतून पाणी थेट आत. ठेवायचीच असेल तर डब्याच्या मापापेक्षा स्पष्टपणे लहान असलेली, जाड पिशवी ठेवावी.

कॅशला भेट द्यायला जाताना त्या जोडीतल्या, घरी ठेवलेल्या दुसऱ्या डब्याचे कोरडे झाकण सोबत न्यावे. जागेवर जुने झाकण काढून नवे लावायचे, जुन्याचे कडे घरी सोडवून साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि पुढच्या फेरीसाठी वाळवून ठेवायचे. तळ वर्षानुवर्षे टिकतो. झाकणाच्या खिट्ट्या पांढुरक्या दिसू लागल्या की ते झाकण तडकण्याची वाट न पाहता काढून टाकावे.