नवीन अतिजड मूलद्रव्यांसाठी त्वरक सुधारतात म्हणजे नेमके काय वाढवतात?

जुन्या त्वरकांनी (विद्युतभारित अणूंना वेग देणाऱ्या यंत्रांनी) ११८व्या मूलद्रव्यापर्यंत, म्हणजे केंद्रकात ११८ प्रोटॉन असलेल्या मूलद्रव्यापर्यंत, मजल मारली, तर ११९व्यासाठी त्यांच्यावरच पुन्हा खर्च करण्यापेक्षा सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेच्या महाकाय यंत्रात हे काम का करत नाहीत, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की, येथे उणीव ऊर्जेची नसून आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित अणूंच्या, संख्येची आहे.

दोन धनभारित केंद्रके एकजीव व्हायची, तर त्यांच्यातील प्रतिकर्षण जेमतेम ओलांडता येईल एवढाच वेग लागतो, म्हणजे प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे एक दशांश. त्याहून जोराने आदळल्यास जुळलेले केंद्रक इतके तापते की ते टिकण्याऐवजी दुभंगते. शिवाय योग्य वेगानेही बहुतेक टकरी वाया जातात. जपानच्या रिकेन संस्थेत कोसुके मोरिता यांच्या गटाने बिस्मथवर जस्त-७० चा (७० ही केंद्रकातील प्रोटॉन व न्यूट्रॉनांची एकूण संख्या) मारा करून ११३वे मूलद्रव्य, निहोनियम, मिळवले. २००३ ते २०१२ या काळात झोत साडेपाचशेहून अधिक दिवस चालला आणि हाती आले अवघे तीन अणू. त्यांतल्या दुसऱ्यानंतर तिसऱ्यासाठी सात वर्षे थांबावे लागले.

रशियातील दुबना येथे ११८पर्यंत पोहोचताना कॅल्शियम-४८ चा झोत कामी आला. मात्र कॅल्शियमच्या २० प्रोटॉनांनी ११९ गाठायचे, तर लक्ष्य, म्हणजे ज्यावर झोत आदळतो तो पदार्थ, ९९व्या आइन्स्टाइनियमचे हवे, आणि ते मायक्रोग्रॅमच्या हिशेबात मिळते. म्हणून झोतच जड करावा लागतो: टायटॅनियम (२२) बर्केलियमवर (९७) किंवा व्हॅनेडियम (२३) क्युरियमवर (९६). कॅल्शियम सोडले की यशाची शक्यता आणखी घसरते आणि ती तूट दर सेकंदाला अधिक आयन सोडूनच भरून काढावी लागते.

रिकेनने यासाठी आपल्या रेषीय त्वरकाला अतिसंवाहक (विजेला जवळजवळ रोध न करणारा) भाग जोडला आणि आयनांचा स्रोतही नवा बसवला. दुबनाने तर डीसी-२८० हा नवा सायक्लोट्रॉनच (आयनांना फिरवत वेग देणारा त्वरक) उभारला, ज्याचा पहिला झोत २०१८च्या अखेरीस मिळाला. मला स्वतःला अमेरिकेतील बर्कले प्रयोगशाळेची वाट अधिक चतुर वाटते. तेथील सायक्लोट्रॉन १९६०च्या दशकातलाच आहे; भर दिला तो झोताच्या उगमावर. टायटॅनियम-५० भट्टीत सुमारे १,६५० अंश सेल्सिअसला तापवून त्याची वाफ आयन-स्रोतात सोडली जाते. २०२४मध्ये जाहीर झालेल्या प्रयोगात या झोताने प्लुटोनियमवर २२ दिवस मारा करून ११६व्या लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळवले.

झोत वाढवला की लक्ष्याचा अतिशय पातळ थर वितळण्याची भीती असते, म्हणून तो फिरत्या चाकावर बसवतात. बर्केलियम-२४९ ची अडचण निराळी आहे: त्याचे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) वर्षाहूनही कमी असल्याने लक्ष्य तयार झाले की त्वरकही सज्ज लागतो. रिकेनने निवडलेल्या क्युरियम-२४८ चे अर्धायुष्य मात्र तीन लाख वर्षांहून जास्त आहे, त्यामुळे तेथे प्रयोग वर्षानुवर्षे चालला तरी लक्ष्याचा पदार्थ आपोआप संपून जाण्याची चिंता नाही.